दाताच्या मुळाशी भरलेले सिमेंट किती टिकते : माझा अनुभव

२०१९ च्या पावसाळ्यात मला नागीण झाली आणि दातांची ही सारी हकिगत खरे तर तिथून सुरू होते. फोड काही आठवड्यांत सुकले, परंतु बरगडीखालची आग जाईना, म्हणून आमच्या फिजिशियननी रात्री घेण्यासाठी ॲमिट्रिप्टिलीनची गोळी सुरू केली. गोळीने दुखणे कमी झाले, झोप लागू लागली आणि त्याबरोबरच तोंडाला कोरड पडू लागली. रक्तदाबाची गोळी आधीपासून होतीच. घसा ओला राहावा म्हणून मी दिवसभर खडीसाखर तोंडात धरू लागले. तेव्हा माझे वय सहासष्ट होते आणि मधुमेह नव्हता, त्यामुळे खडीसाखरेला हरकत घेण्याचे कोणालाच कारण नव्हते. पूर्वी कधीतरी पायोरियाचा उपचार झालेला असल्याने हिरड्या मागे सरकल्या होत्या आणि बऱ्याच दातांची मुळे थोडीथोडी उघडी पडली होती, हेही इथे नोंदवून ठेवते, कारण पुढचे सगळे त्या उघड्या मुळांवरच घडले.

ऑक्टोबर २०२० मध्ये, टाळेबंदी सैल झाल्यावर, गार पाण्याने वरच्या उजव्या बाजूला सणक येऊ लागली. आरशात पाहिले तर सुळ्यावर अगदी हिरडीलगत तपकिरी खाच दिसत होती. करोनाच्या भीतीने दोन महिने लवंगेच्या तेलावर काढले आणि डिसेंबरात पुण्यातच घराजवळच्या एका खाजगी दवाखान्यात गेले. तिथे वरचा उजवा सुळा, त्याच्या शेजारची उपदाढ आणि खालची डावी दाढ अशा तीन ठिकाणी मुळाशी कीड निघाली. तिन्ही ठिकाणी दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट, म्हणजे प्लास्टिकसारखे मिश्रण, भरून दिले. प्रत्येकी १५०० रुपये झाले आणि दोन बैठकांत काम संपले. निघताना मी विचारले, “हे किती वर्षे टिकेल?” उत्तर मिळाले, “पाच-सात वर्षे काही बघायला नको.”

२०२२ च्या संक्रांतीला गुळपोळी खाताना सुळ्यावरचे फिलिंग अख्खेच्या अख्खे निघून हातात आले. दवाखान्याने ते पैसे न घेता पुन्हा बसवून दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण मे महिन्यात ते पुन्हा निघाले आणि त्या वेळी काढलेल्या एक्स-रेत खालच्या डाव्या दाढेच्या चांगल्या दिसणाऱ्या फिलिंगखाली काळी सावली दिसली. तिन्ही दातांचे रूट कॅनॉल करून कॅप बसवाव्या लागतील, सगळे मिळून सदतीस-अडतीस हजारांपर्यंत खर्च येईल, असे सांगण्यात आले. पैशांपेक्षा मला एक गोष्ट सतावत होती. दीड वर्षात जर हे असे निघणार असेल, तर कॅपच्या खालच्या काठाशी, म्हणजे पुन्हा त्याच मुळावर, कीड लागणार नाही कशावरून? याचे उत्तर मला तिथे मिळाले नाही. म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून मी शहरातल्या एका दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे ठरवले.

महाविद्यालयाच्या रुग्णालयाबद्दल अनेकांच्या मनात धाकधूक असते, माझ्याही होती, म्हणून तिथली पद्धत जरा सविस्तर सांगते. जून २०२२ च्या तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी नऊच्या आत पोहोचले. नोंदणीच्या खिडकीवर आधार कार्ड दाखवून केस पेपर काढावा लागतो. तेव्हा त्याचे वीस रुपये पडले आणि ज्येष्ठ नागरिकांची रांग वेगळी होती, पण त्या रांगेत उभे राहायचे असते हे विचारल्याशिवाय कळत नाही. केस पेपरवर एक नोंदणी क्रमांक पडतो. पुढची सर्व कामे त्या क्रमांकावरच चालतात, म्हणून त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. थेट दात भरणाऱ्या विभागात जाता येत नाही. आधी ओरल मेडिसिन विभागात तपासणी होते, तिथले विद्यार्थी एकेक दात टोकून तक्ता भरतात, एक्स-रे लिहून देतात, आणि मग कोणत्या विभागात कशासाठी जायचे हे पेपरवर लिहून वरिष्ठांची सही घेतात. ही सही फार महत्त्वाची असते. सही नसेल तर पुढच्या विभागातून परत खाली पाठवतात, आणि वरिष्ठ जेवायला गेलेले असतील तर तासभर बाकावर बसून राहावे लागते. एक्स-रे प्रत्येकी पन्नास रुपयांना होते. पहिला दिवस निव्वळ तपासणीतच गेला आणि घरी पोहोचायला चार वाजले. घरून खाऊन जावे, रक्तदाबाची गोळी चुकवू नये आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी. ती यादी माझ्याकडे होती, आणि तिच्यामुळेच पुढची गोष्ट उलगडली.

मला कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे दात भरण्याच्या, विभागातल्या एमडीएसच्या (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडे सोपवण्यात आले. अशा वेळी तुमची केस शेवटपर्यंत बहुधा एकाच विद्यार्थ्याकडे राहते आणि प्रत्येक टप्प्यावर अध्यापक येऊन काम पाहतात. तिने यादी वाचली, ॲमिट्रिप्टिलीनपाशी बोट थांबवले आणि म्हणाली, “काकू, तोंड कोरडं पडतं का हो? रात्री पाणी प्यायला उठावं लागतं? बिस्किट पाण्याशिवाय गिळता येतं?” तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिला हवी तशीच मिळाली असावीत, कारण तिने एक छोटा मापाचा कप हातात दिला. पाच मिनिटे बोलायचे नाही, गिळायचे नाही, मान खाली घालून तोंडात साठेल तेवढी लाळ कपात सोडत राहायचे. समोर घड्याळ धरून ती उभी, आणि मी सत्तरीकडे झुकलेली बाई कपात थुंकते आहे, असा तो प्रकार. पाच मिनिटांनी कपाच्या तळाशी थोडा चिकट फेस होता, अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. स्वस्थ बसलेले असताना मिनिटाला ०.१ मिलिलिटरपेक्षा कमी लाळ सुटली तर तोंड खऱ्या अर्थाने कोरडे समजतात, आणि मी त्या रेषेच्या खाली होते.

मग तिने कागदावर दात काढून समजावले. दाताचा वरचा भाग इनॅमलने मढवलेला असतो, पण मुळावर इनॅमल नसते. तिथे सिमेंटम नावाचा पातळ थर आणि त्याखाली डेंटिन, म्हणजे इनॅमलपेक्षा मऊ असा दाताचा आतला भाग, असते. तोंडातली आम्लता वाढून पीएच (आम्लतेचे माप; आम्ल वाढले की हा आकडा उतरतो) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमल विरघळू लागते, परंतु मुळाचा भाग त्याआधीच, सहाच्या थोडे वर असतानाच विरघळायला लागतो. साखर खाल्ल्यावर जंतू आम्ल तयार करतात आणि लाळ ते धुऊन, निवळून टाकते. लाळच नसेल तर आम्ल तिथेच बसून राहते. आणि खडीसाखर दिवसभर तोंडात असेल तर ते ओसरायला फुरसतच मिळत नाही. मुळाची कीड खोल भोक पाडण्याआधी काठाकाठाने पसरते, दाताला वेढा घालत जाते, म्हणून भरायला पक्की कड सापडत नाही. कॉम्पोझिट इनॅमलला घट्ट धरते, पण मुळाच्या बाजूच्या काठाला इनॅमल नसते, शिवाय भरताना जागा पूर्ण कोरडी राहावी लागते आणि हिरडीच्या कडेला लाळ, रक्त, हिरडीतून झिरपणारे पाणी असे काही ना काही सतत येतच असते. माझी फिलिंग्ज का गेली, याचा उलगडा मला तिथे झाला. आधीच्या दवाखान्याच्या हाताला दोष द्यावा असेही त्यात फारसे नव्हते. मात्र कोणत्या गोळ्या घेता, एवढे जरी कोणी विचारले असते तरी दीड वर्ष वाचले असते, असे मला आजही वाटते.

त्या दिवशी दातांना कोणी हात लावला नाही. विभागाच्या छापील कागदावर माझ्या फिजिशियनना पत्र लिहून दिले, की औषधाने तोंडाला कोरड पडून मुळांना कीड लागते आहे, तरी मात्रा कमी करता येईल का किंवा पर्याय देता येईल का ते पाहावे. आपल्या मनाने गोळी बंद करू नका, असे तिने दोनदा बजावले आणि ते योग्यच होते, कारण अशी औषधे एकदम सोडली तर वेगळाच त्रास होतो. फिजिशियननी पत्र वाचून मात्रा टप्प्याटप्प्याने निम्मी केली आणि नागिणीचे दुखणे आता फारसे उरले नसल्याने वर्षभरात ती पूर्ण थांबवली. इकडे मला हिरड्यांच्या विभागात पाठवण्यात आले. दात भरायचे असताना हिरड्यांकडे कशाला, असे मनात आले होते. पण सुजलेल्या, ब्रश लागताच रक्त येणाऱ्या हिरडीशेजारी काहीही भरले तरी ते ओल्या भिंतीला रंग दिल्यासारखे होते, हे तिथल्या सरांनी समजावले. दात साफ करण्याचे दोनशे रुपये झाले, दातांच्या फटींत घालायचे छोटे ब्रश कसे वापरायचे ते आरसा हातात देऊन शिकवले, आणि तीन आठवड्यांनी हिरड्या पुन्हा तपासून मगच भरण्याची तारीख दिली. ज्यांना घाई असते त्यांना हा काळ जड जातो. मलाही गेला, कारण सुळा उघडाच होता आणि चहा एका बाजूनेच प्यावा लागत होता. तेवढ्यापुरते त्यात औषधी सिमेंट भरून घेता येते, हे मला उशिरा कळले. तुम्ही मागून घ्या.

ऑगस्ट २०२२ च्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झाले. तोवर तपासणीत आणखी दोन जागा निघाल्या होत्या. खालच्या उजव्या उपदाढेवर उथळ तपकिरी डाग होता आणि त्याच बाजूच्या शेवटच्या दाढेच्या मुळावर, फटीत, जिथे आरसाही नीट पोहोचत नाही अशी एक कीड होती. पाचही जागांना एकच मसाला वापरला नाही, हे मला विशेष वाटले. सुळा आणि वरची उपदाढ या दिसणाऱ्या, त्यामानाने कोरड्या ठेवता येणाऱ्या जागा, म्हणून तिथे ग्लास आयोनोमर सिमेंट (काचेची पावडर आणि आम्लाचा द्राव यांचे मिश्रण) ठरले, त्यात रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा पदार्थ, मिसळलेले आणि निळ्या प्रकाशाने घट्ट होणारे. वरच्या उपदाढेचे जुने कॉम्पोझिट बाहेरून शाबूत होते, पण काढल्यावर खाली मऊ कीड निघाली, सुदैवाने दाताच्या आतल्या नसेपर्यंत न पोहोचलेली. शेवटच्या दाढेला साधे पण घट्ट मळलेले ग्लास आयोनोमर द्यायचे ठरले, कारण ते थोडीशी ओल सहन करते, दाताशी रासायनिक रीतीने जुळते आणि फ्लोराइड सोडत राहते. खालच्या डाव्या दाढेत मात्र कीड नसेपर्यंत गेली होती. तिचा रूट कॅनॉल अटळ होता. म्हणजे तीनपैकी एकाच दाताला ते करावे लागले. उथळ डाग टोकून पाहिला तर तो चामड्यासारखा लागला. तिथे कोरायचेच नाही, ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून कीड थोपवायची, असा निर्णय झाला. तो भाग कायमचा काळा पडेल, हे आधी सांगून संमतीपत्रावर सही घेतली. तोंडात नाणे चघळल्यासारखी चव आली आणि काम दोन-तीन मिनिटांत संपले. हा उपाय जपानात अनेक दशकांपासून वापरात आहे. समोरच्या दातांना काळेपणा चालत नाही, पण मागे कोण पाहणार?

सुळा भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. बधिर करण्याचे इंजेक्शन दिल्यावर हिरडी आणि दात यांच्या फटीत एक बारीक दोरा दाबून बसवला. त्यामुळे हिरडी काही काळ मागे सरकते आणि खालून झिरपणे थांबते. कीड हळू फिरणाऱ्या यंत्राने आणि चमच्यासारख्या अवजाराने खरवडून काढली. मग सौम्य आम्ल काही सेकंद लावून धुतले आणि कापसाने टिपले, पण पूर्ण सुकवले नाही. जागा ओलसर चमकती राहिली पाहिजे, असे ती शेजारच्या इंटर्नला सांगत होती. शेवटच्या दाढेच्या वेळी तो इंटर्न कागदी पॅडवर पावडर आणि द्राव मळत होता. सिमेंट तकतकीत असतानाच भरायचे असते. त्याला क्षणभर उशीर झाला आणि वरची तुळतुळी गेली, तेव्हा मागून तिच्या विभागातल्या अध्यापक सरांचा आवाज आला, “चमक गेली, टाकून दे, नवीन कर.” वरच्या उपदाढेचे काम झाल्यावर सरांनी टोकदार अवजार काठावरून फिरवले आणि एका जागी ते अडकले. हिरडीतून रक्ताचा थेंब खाली उतरला होता. “काढ आणि पुन्हा भर,” एवढेच म्हणून ते पुढच्या खुर्चीकडे गेले. त्या पोरीचा चेहरा उतरला, माझा जबडा दुखत होता आणि आणखी तासभर गेला. पण खाजगी दवाखान्यात संध्याकाळच्या गर्दीत हे कोणी केले असते का, याची मला शंका आहे. साध्या ग्लास आयोनोमरवर शेवटी व्हॅसलीनसारखा थर लावला, कारण सुरुवातीच्या तासांत ते सुकले तर त्याला भेगा जातात. त्या दिवशी त्या बाजूने काही चावायचे नव्हते. मी भाताची पेज आणि ताक घेतले.

या तीन फिलिंग्जचे मिळून आठशे रुपये झाले. डाव्या दाढेचा रूट कॅनॉल दिवाळीची सुटी मध्ये आल्याने नोव्हेंबरपर्यंत लांबला. त्याचे दीड हजार आणि कॅपचे दोन हजार असे वेगळे झाले. कॅपचा काठ मुळावरच येतो, म्हणून तिच्या कडेची स्वच्छता ही माझी कायमची जबाबदारी आहे, हे मला कॅप बसवताना पुन्हा सांगितले गेले. विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की विभागात तारखा मिळत नाहीत, आणि मे महिन्यात व दिवाळीत काम थंडावते. आपली कामे त्याप्रमाणे आखावीत.

सगळे झाल्यावर मी सरांना तोच जुना प्रश्न विचारला, हे किती वर्षे टिकेल. त्यांनी आकडा सांगण्याचे टाळले नाही, पण आधी विचारले, “टिकणं म्हणजे तुम्ही काय धरता?” मग त्यांनी दोन अभ्यासांविषयी सांगितले आणि मी ते घरी येऊन वहीत टिपून ठेवले. हाँगकाँगमध्ये वृद्धांच्या मुळांवर केलेल्या फिलिंग्जचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरानंतर यंत्राने कोरून भरलेल्यांपैकी सुमारे ९२ टक्के आणि केवळ हातातल्या अवजारांनी कोरून भरलेल्यांपैकी ८७ टक्के जागच्या जागी शाबूत होती. म्हणजे पहिल्या वर्षातच दहातले एखादे जाणे हे नेहमीचेच आहे, त्यात आपल्या नशिबाचा दोष नाही. दुसरा अभ्यास कॅनडातला, २००२ चा, आणि माझ्या दृष्टीने जास्त बोलका. कर्करोगासाठी डोके-मानेला किरणोपचार झाल्याने लाळ आटलेल्या रुग्णांच्या हिरडीलगतच्या फिलिंग्ज त्यात पाहिल्या होत्या. जे रुग्ण नियमाने फ्लोराइड वापरत नव्हते त्यांच्यात ग्लास आयोनोमर झिजून, तुटून जात होते, पण त्याच्या कडेने नवी कीड फारशी लागत नव्हती. कॉम्पोझिट मात्र जागेवर बसून राहत होते आणि त्याच्या कडेने कीड आत शिरत होती. सर म्हणाले, “एकात सिमेंट जातं, दात राहतो. दुसऱ्यात सिमेंट राहतं, दात जातो. तुमच्या तोंडात मला पहिलं परवडतं.” माझ्या उपदाढेचे आणि डाव्या दाढेचे नेमके दुसऱ्या प्रकारचे झाले होते. बाहेरून चकचकीत, आत पोखरलेले. वर्षांचा हिशेब करताना मी तोवर फक्त सिमेंट निघाले की नाही एवढेच पाहत होते.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचे व्हार्निश लावून घ्यायचे, असे ठरले. भारतात मिळणाऱ्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइड साधारण १००० पीपीएमपर्यंतच (दहा लाख भागांत हजार भाग) असते. काही देशांत मुळाच्या कीडीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ५००० पीपीएमची पेस्ट मिळते, तशी सोय इथे सहज नाही, म्हणून व्हार्निशचे महत्त्व अधिक. पिवळसर चिकट थर दातांवर लावतात, त्या रात्री ब्रश करायचा नसतो आणि तेव्हा एका खेपेला शंभर रुपये लागत. घरी सकाळी आणि झोपताना मऊ ब्रशने फ्लोराइडची पेस्ट लावून नुसते थुंकायचे, भरपूर चुळा भरून ती धुऊन टाकायची नाही, ही सवय लागायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. आयुष्यभर खळखळून चुळा भरलेल्या माणसाला तोंडात फेस ठेवून झोपणे किळसवाणे वाटते. खडीसाखर सुटली, तिच्या जागी पाण्याची बाटली आणि कधी झायलिटॉलची साखरविरहित गोळी आली. चहा साखर घालूनच पिते, पण दोनच वेळा आणि जेवणाच्या आसपास. दुसऱ्या एखाद्या दवाखान्यात फ्लोराइडची जेल लावणार असतील तर तोंडात ग्लास आयोनोमर आहे हे आधी सांगावे, कारण आम्लयुक्त जेलने त्याचा पृष्ठभाग खरबरीत होतो.

मेडिक्लेमबद्दल अनेकजण विचारतात. मी सगळी बिले, केस पेपरच्या प्रती आणि एक्स-रे जोडून दावा पाठवला होता. पाच आठवड्यांनी उत्तर आले, की रुग्णालयात दाखल न होता केलेले दंतोपचार पॉलिसीत वगळलेले आहेत. पॉलिसीच्या कागदात ते वाक्य होतेच, आणि बहुतेक पॉलिसींत असते. वेगळी बाह्यरुग्ण जोडणी घेतली नसेल तर टपालखर्च वाचवावा. मात्र ज्या ज्येष्ठांकडे कोणतीही आरोग्य पॉलिसी नाही, त्यांना जुन्या करप्रणालीत आयकर कायद्याच्या ८०डी कलमाखाली वैद्यकीय खर्चाची वजावट मिळत असे, आणि त्यासाठी खर्च रोखीने केलेला चालत नसे. आपल्या कर सल्लागाराला विचारून पैसे कार्डाने किंवा यूपीआयने भरावेत आणि पावत्या जपाव्यात.

फेब्रुवारी २०२४ च्या तपासणीत शेवटच्या दाढेचे सिमेंट मधोमध खोलगट झालेले आणि एका कडेला तुटलेले निघाले, म्हणजे दीडच वर्षात. मी धास्तावले. माझी विद्यार्थिनी तोवर परीक्षेच्या तयारीला लागली होती आणि केस दुसऱ्या मुलाकडे गेली होती. जुनी फाईल रेकॉर्डमध्ये सापडेना, तेव्हा मोबाईलमधले फोटो आणि माझी वही कामी आली. त्या मुलाने आतला भाग टोकून पाहिला. सिमेंटखालचे मूळ कडक होते, कीड पुढे सरकलेली नव्हती. अख्खे सिमेंट उकरून काढले नाही, खरबरीत भाग साफ करून त्यावरच नवे भरले. इंजेक्शनसुद्धा लागले नाही, अर्ध्या तासात काम झाले, दोनशे रुपये झाले. दर वेळी सगळे काढून नव्याने भरले की खड्डा थोडा मोठा होतो आणि मुळाजवळ तेवढी जाडी शिल्लक नसते, म्हणून शक्य तिथे डागडुजीच करतात, असे त्याने सांगितले. लाळ पुन्हा मोजली. या वेळी पाच मिनिटांत एक मिलिलिटरच्या थोडी वर भरली, तरुणपणाची नव्हे, पण कपाचा तळ झाकणारी.

सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा सर्व दातांचे एक्स-रे झाले. सुळ्यावरचे फिलिंग तीन वर्षांनी घट्ट आहे, रंग थोडा मळकट झाला आहे. सिल्व्हर लावलेला डाग कोळशासारखा काळा आणि टोकल्यावर दगडासारखा कडक आहे. वर्षातून दोनदा त्यावर तो थेंब पुन्हा लावतात. डाव्या दाढेच्या कॅपची कड स्वच्छ आहे. शेवटच्या दाढेची डागडुजी अजून टिकून आहे, पण ती पुन्हा झिजणार हे धरूनच आम्ही चाललो आहोत. वरच्या उपदाढेच्या फिलिंगच्या हिरडीकडच्या काठावर मात्र एक तपकिरी रेघ उमटली आहे. ती नुसता डाग आहे की खाली काही सुरू झाले आहे, यावर दोन अध्यापकांचे एकमत झाले नाही. एक्स-रेत सावली नाही, अवजार अडकत नाही, म्हणून तूर्त काठ घासून गुळगुळीत केला, फोटो काढून ठेवला, आणि डिसेंबरात तोच फोटो समोर ठेवून पुन्हा पाहायचे ठरले आहे. त्याआधी तिथे गार लागू लागले, गोड खाल्ल्यावर सणक आली किंवा दातांच्या फटीत साफसफाईचा दोरा फिरवताना तो तुटू लागला, तर तारखेची वाट न पाहता सकाळी नऊच्या आत यायचे, असे केस पेपरवर लिहून दिले आहे.